अणुवैद्यकांतील प्रतिमा-रचना व तिचें संभवगणित

प्रस्तुत लेखाचा विषय ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं परका वाटण्याचा संभव आहे. दफ्तरें, ताम्रपट, शकावल्या व करीने यांच्या सहवासांत ज्यांचा काळ जातो, त्यांनीं रुग्णालयांतील यंत्रांच्या गणिताचा इतिहास कां वाचावा, असें कोणीही विचारील. उत्तर एवढेंच कीं, जी वस्तु प्रत्यक्ष दिसत नाहीं तिचें स्वरूप त्रोटक व संदिग्ध साक्षींवरून ठरविणें हा त्या गणिताचा व्यवसाय आहे, आणि आपलाही व्यवसाय तोच आहे. दुसरें असें कीं, ह्या गणिताच्या जन्माविषयीं जी हकीकत सामान्यतः सांगितली जाते ती मूळ लेखांशीं ताडून पाहतां अर्धवट ठरते. तिची दुरुस्ती करणें हा ह्या लेखाचा मुख्य हेतु आहे.

विषयाकडे माझें लक्ष वळण्यास एक घरगुती कारण घडलें. माझ्या धाकट्या बंधूंची पॉझिट्रॉन-उत्सर्जन-चित्रणाची, म्हणजे लोक जीस 'पेट स्कॅन' म्हणतात ती, तपासणी सहा महिन्यांच्या अंतरानें दोन निरनिराळ्या ठिकाणीं झाली. एका गांठीपुढें पहिल्या अहवालांत ४.१ असा आंकडा होता. दुसऱ्यांत तो ५.६ झाला. औषधाचें ग्रहण त्या जागीं किती झालें याचें हें माप असल्यामुळें रोग वाढला असाच अर्थ सर्वांनीं घेतला, व घरांतील माणसांच्या तोंडचें पाणी पळालें. चार दिवसांनीं एका तरुण डॉक्टरांनीं समजावून सांगितलें कीं, दुसऱ्या ठिकाणचें यंत्र नवें असून त्यांत प्रतिमा बांधण्याची रीत निराळी आहे. गांठ तीच असतांही आंकडा वाढूं शकतो. ज्याचीं पस्तीस वर्षें मुलांना संस्कृत व अडीअडचणीला गणित शिकविण्यांत गेलीं, त्या माझ्यासारख्यास हें विधान चमत्कारिक वाटलें. वस्तु एक, मापें दोन, आणि दोन्ही प्रामाणिक, हें कसें? ह्या प्रश्नाचा माग काढीत मी जुन्या लेखांपर्यंत गेलों.

रूढ हकीकत थोडक्यांत अशी. इ. स. १९१७ मध्यें योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञानें, एखाद्या आकृतीच्या आरपार सर्व दिशांनीं घेतलेल्या बेरजांवरून मूळ आकृति परत मिळविण्याचें सूत्र दिलें. पुढें हाउन्सफील्ड यांनीं तें क्ष-किरणांच्या यंत्रांत उतरविलें. मग तीच युक्ति किरणोत्सारी द्रव्यांसाठीं वापरण्यांत आली. व १९८२ मध्यें शेप आणि वार्डी यांनीं तींत सुधारणा केली. ह्यांतील पहिलें विधान निर्विवाद आहे. बाकीचीं तीन कमीअधिक प्रमाणांत चुकीचीं आहेत.

राडोनचा लेख लायप्झिग येथील विद्वत्सभेच्या कार्यवृत्तांत छापला गेला आणि कित्येक वर्षें तेथेंच पडून राहिला. ज्यांना त्याची गरज होती त्यांना तो ठाऊक नव्हता. इ. स. १९५६ मध्यें ब्रेसवेल यांनीं रेडिओ-ज्योतिषासाठीं तोच प्रश्न स्वतंत्रपणें सोडविला. दक्षिण आफ्रिकेंतील कॉर्मॅक यांनीं १९६३ व १९६४ सालीं आपले दोन लेख प्रसिद्ध केले तेव्हां राडोनचें नांवही त्यांच्या कानावर आलेलें नव्हतें. तें त्यांना पुढें कित्येक वर्षांनीं कळलें. हाउन्सफील्ड यांनीं तर आपल्या पहिल्या यंत्रांत राडोनचें सूत्र वापरलेंच नाहीं. हजारों समीकरणें मांडून, एक अंदाज धरून, तो फेरीफेरीनें दुरुस्त करीत जाण्याची त्यांची रीत होती. अशीच रीत गॉर्डन, बेंडर व हर्मन यांनीं १९७० मध्यें प्रसिद्ध केली, आणि मागाहून लक्षांत आलें कीं स्टेफान काच्माश या पोलिश गणितज्ञानें ती १९३७ मध्येंच देऊन ठेविली होती. एकमेकांचे कागद न वाचतां एकच शोध पुनःपुन्हां लागण्याचा हा प्रकार ह्या इतिहासांत इतका नित्याचा आहे कीं, 'आद्य' हें विशेषण वापरतांना लेखणी अडखळते.

ह्याच मालिकेंत आपल्या देशाचें एक नांव आदरानें घेतलें पाहिजे. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे गो. ना. रामचंद्रन् व त्यांचे सहकारी लक्ष्मीनारायणन् यांनीं १९७१ मध्यें दाखवून दिलें कीं, राडोनच्या प्रश्नाचें उत्तर काढण्यास लांबलचक फूरिये-गणिताची आवश्यकता नाहीं. प्रत्येक बाजूच्या मोजणीवर एक ठराविक गाळणी चालवावी व ती मोजणी आपापल्या रेषेवर परत पसरावी, म्हणजे काम होतें. ब्रेसवेल व रिडल यांनीं १९६७ मध्यें ज्योतिषाच्या क्षेत्रांत हेंच केलें होतें. तथापि वैद्यकीय यंत्रांच्या जगांत ह्या गाळणीस अद्याप 'राम-लॅक' असेंच म्हणतात. (हेच रामचंद्रन् उत्तरायुष्यांत जैनांच्या स्याद्वादाची व न्यायाची गणिती मांडणी करण्यांत गढले होते, ही गोष्ट संस्कृतज्ञांच्या फारशी लक्षांत आलेली दिसत नाहीं.) त्या गाळणीनें क्ष-किरण-चित्रणाचा प्रश्न व्यवहारापुरता सुटला, आणि १९७९ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक कॉर्मॅक व हाउन्सफील्ड यांस मिळालें.

आतां तिसऱ्या विधानाकडे वळूं. तें केवळ चूक नसून उलटें आहे. शरीरांत किरणोत्सारी द्रव्य देऊन त्याचा आडवा छेद चित्रित करण्याचा प्रयत्न क्ष-किरणांच्या आधीं झाला. हेव्हेशी यांनीं १९२३ मध्यें वालाच्या जातीच्या रोपांत किरणोत्सारी शिसें सोडून त्याचा प्रवास मोजला, तेथून 'मागोवा घेणाऱ्या द्रव्या'ची कल्पना निघते. बर्कली येथील अँगर यांचा कॅमेरा १९५८ सालचा. आणि फिलाडेल्फिया येथील कूल व एडवर्ड्स यांनीं उत्सर्जित किरणांवरून छेदचित्रें काढण्याची रीत १९६३ मध्यें प्रसिद्ध केली. हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें पहिल्या रुग्णाचें चित्र घेतलें तें १ ऑक्टोबर १९७१ रोजीं, विम्बल्डन येथें. म्हणजे तब्बल आठ वर्षांनंतर. कूल यांची रीत साधी होती: प्रत्येक मोजणी ज्या रेषेवरून आली त्या रेषेवर ती सारखी पसरून द्यावयाची. गाळणी नसल्यामुळें जेथें द्रव्य नाहीं तेथेंही त्याची धुकट छाया पडे. पुढें रामचंद्रन् प्रभृतींची गाळणी आल्यावर उत्सर्जन-चित्रणानेंही ती उचलली, आणि येथेंच खरी अडचण उत्पन्न झाली.

ती अडचण समजण्यासाठीं यंत्राचें काम थोडें पाहिलें पाहिजे. रुग्णास बहुधा फ्लोरिन-१८ हा अणु जोडलेली साखर टोंचून देतात. मनुष्यावर तिचा प्रथम प्रयोग १९७६ मध्यें फिलाडेल्फियास झाला. ह्या फ्लोरिनचें अर्धें द्रव्य सुमारें ११० मिनिटांत संपतें. त्याच्या अणूंतून पॉझिट्रॉन निघतो, जवळच्या इलेक्ट्रॉनशीं भिडून दोघेही नाहींसे होतात, व त्या जागेपासून दोन गॅमा किरण परस्परविरुद्ध दिशांना धांवतात. रुग्णाभोंवतालच्या कड्यांतील दोन शोधकांनीं ते एकाच क्षणीं टिपले, कीं एक साक्ष झाली. साक्ष काय सांगते? 'घटना ह्या दोन शोधकांना जोडणाऱ्या रेषेवर कोठें तरी घडली', एवढेंच. रेषेवर नेमकी कोठें, तें साक्षीदार जाणत नाहीं. वात्स्यायनानें शेषवत् अनुमानाचें जें उदाहरण दिलें आहे, त्यांत नदीचा पूर पाहून वरच्या अंगास पाऊस पडल्याचें अनुमान होतें. येथें फक्त पूर दिसतो, आणि पाऊस कोणत्या डोंगरावर किती पडला तें ठरवावयाचें असतें. यावरून हें गणित आमच्या शास्त्रांत पूर्वींच होतें, असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये. न्यायशास्त्रानें अनुमानाची जाति ओळखली. परिमाण काढण्याचें साधन त्याच्यापाशीं नव्हतें.

क्ष-किरणांच्या यंत्रांत किरणांचा तोटा नसतो, म्हणून तेथील मोजणी बव्हंशीं पक्की धरतां येते. उत्सर्जनांत तसें नाहीं. द्रव्य जास्त द्यावें तर रुग्णास अपाय, वेळ जास्त घ्यावा तर द्रव्य संपतें व रुग्ण हालतो. म्हणून साक्षी नेहमींच थोड्या, आणि थोड्या साक्षींत यदृच्छेचा भाग मोठा. एखाद्या रेषेवर सरासरीनें १०० घटना अपेक्षित असल्या तर प्रत्यक्षांत ९० किंवा ११० येणें अगदीं स्वाभाविक आहे. १०,००० अपेक्षित असल्या तर तोच चढउतार शंभराचा, म्हणजे शेंकडा एक इतकाच. ह्या चढउताराचा नियम प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नांवानें ओळखला जातो. त्याचें बीज द म्वाव्हर याच्या लेखनांत आधींच होतें. परंतु प्वासाँनें तो मांडला तो १८३७ सालच्या एका ग्रंथांत, आणि त्या ग्रंथाचा विषय होता न्यायालयांतील निवाड्यांची संभवनीयता! साक्षी-पुराव्यांच्या विचारांतून निघालेला नियम दीडशें वर्षांनीं पुन्हां साक्षींच्याच कामास लागावा, हा योग मला फार मौजेचा वाटतो. किरणोत्साराला तो लागू पडतो हें मँचेस्टर येथें रदरफोर्ड व गायगर यांनीं १९१० मध्यें प्रत्यक्ष मोजून दाखविलें. साडेसात सेकंदांचा एक, अशा २६०८ कालखंडांत किती किती कण आले याची त्यांनीं नोंद केली, सरासरी ३.८७ निघाली, आणि कोणत्या खंडांत किती आले याची वांटणी नियमाशीं उत्तम जुळली.

राडोनचें सूत्र व त्यावरून झालेली गाळणी ह्या नियमाची दखलच घेत नाहींत. प्रत्येक मोजणी सारखीच विश्वसनीय, असें धरून त्या चालतात. परिणामीं चित्रांत रेघोट्या उमटतात, आणि कित्येक ठिकाणीं द्रव्याचें प्रमाण शून्याहूनही कमी निघतें. खजिन्यांत वजा नाणीं सांपडल्याचा हा हिशेब यंत्रज्ञ मंडळी निमूटपणें चालवून घेत होती.

ह्या स्थितींत प्रश्नच बदलला पाहिजे, हें १९७६ मध्यें स्टॅनफोर्डचे रॉकमोर व मॅकोव्स्की यांनीं ओळखलें. 'ह्या मोजण्यांना उत्तर म्हणून कोणतें चित्र निघतें?' असें न विचारतां, 'कोणतें चित्र खरें धरलें असतां ह्याच मोजण्या येण्याचा संभव सर्वांत अधिक ठरतो?' असें त्यांनीं विचारलें. फिशर यांनीं १९२२ मध्यें स्थिर केलेलें महत्तम संभवनीयतेचें तत्त्व तें हेंच. प्रश्न योग्य होता, परंतु हजारों अज्ञातांसाठीं तो सोडविण्याची सुलभ वाट त्यांस सांपडली नाहीं. वाट दुसरीकडून आली. डेम्प्स्टर, लेअर्ड व रुबिन यांनीं लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढें डिसेंबर १९७६ मध्यें एक निबंध वाचला, तो १९७७ मध्यें छापला गेला. ज्या हिशेबांत माहितीचा कांहीं भाग झांकलेला असतो तेथें काय करावें, याची सर्वसाधारण रीत तींत आहे. आळीपाळीनें झांकलेल्या भागाचा अंदाज घ्यावयाचा व त्या अंदाजावरून मूळ राशि सुधारावयाची. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'ईएम' म्हणतात.

ही कल्पनाही नवी नव्हती, आणि तिचें एक मूळ हिंदुस्थानांत सांपडतें. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्यें नोकरी केलेले मकेंड्रिक यांनीं १९२६ मध्यें एका हिंदी खेड्यांतील पटकीच्या सांथीचे आंकडे तपासले. एकंदर २२३ घरें. त्यांपैकीं १६८ घरांत एकही रोगी नाहीं, ३२ घरांत एक, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन व एका घरांत चार. ह्या १६८ घरांपैकीं संसर्गाच्या टापूंत असूनही वांचलेलीं किती व ज्यांस संसर्गाचा संबंधच आला नाहीं अशीं किती? ही फोड कोणत्याही नोंदींत नव्हती. मकेंड्रिक यांनीं ती रोगी असलेल्या घरांच्या आंकड्यांवरून प्वासाँच्या नियमानें अनुमानिली. आजचे संख्याशास्त्रज्ञ ह्या लेखास ईएम रीतीचा एक पूर्वज मानतात. त्या खेड्याचें नांव गणिताच्या ग्रंथांत येत नाहीं, ह्याची मात्र चुटपुट लागते.

आतां शेप व वार्डी. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेचे लॅरी शेप हे जुन्या रीतीचे अनभिज्ञ नव्हते. उलट १९७४ मध्यें लोगन यांच्यासह त्यांनींच ती पारखण्यासाठीं डोक्याची जी कृत्रिम आकृति तयार केली ती अजूनही कसोटीस वापरतात. यहूदा वार्डी यांच्यासह त्यांनीं ऑक्टोबर १९८२ मध्यें जो निबंध लिहिला, त्याची रीत मी आपल्या परिचयाच्या उदाहरणानें सांगतों.

दोन गांवें व तीन जकातचौक्या आहेत असें समजा. वरच्या गांवचे बैल निम्मे पहिल्या चौकीवरून व निम्मे मधल्या चौकीवरून जातात. खालच्या गांवचे निम्मे मधल्या व निम्मे तिसऱ्या चौकीवरून. चौकीच्या वहींत बैल लिहिले आहेत, गांव लिहिलेला नाहीं. आंकडे ३०, ४० व १०. प्रथम दोन्ही गांवांचे ४० – ४० बैल धरावे. तसें असतें तर वह्यांत २०, ४० व २० आले असते. प्रत्यक्ष आंकडा पहिल्या चौकीवर अपेक्षेच्या दीडपट, मधल्या चौकीवर बरोबर, तिसऱ्या चौकीवर निम्मा. वरच्या गांवास लागू असलेल्या दोन प्रमाणांची सरासरी सव्वा, म्हणून त्याचे ४० चे ५० करावे. खालच्या गांवास पाऊण, म्हणून ४० चे ३०. पुन्हां अपेक्षा काढावी, पुन्हां ताडावें: ५५ व २५. पुन्हां: साडेसत्तावन व साडेबावीस. अशा रीतीनें आंकडे ६० व २० कडे सरकत जातात. कोणी म्हणेल, पहिल्या व तिसऱ्या चौकीचे आंकडे दुप्पट केले असते तरी हेंच निघालें असतें. खरें, पण मधल्या वहींत ४० ऐवजीं ४६ असते तर? मग तिन्ही वह्या एकमेकींशीं जुळत नाहींत व दुप्पट करणारा कारकून मधल्या वहीस खोटी ठरवितो. वरील रीत कोणासही खोटें पाडीत नाहीं. ती साडेचौसष्ट व साडेएकवीस येथें थांबते, आणि बेरीज वह्यांच्या बेरजेइतकी, म्हणजे ८६ राहते. शिवाय प्रत्येक वेळीं गुणाकारच होत असल्यामुळें उत्तर कधींही वजा येत नाहीं. गांवांच्या जागीं चित्राचे हजारों चौकोन व चौक्यांच्या जागीं शोधकांच्या लक्षावधि जोड्या घातल्या कीं पेट यंत्राचें गणित झालें.

हेंच सूत्र रिचर्डसन यांनीं १९७२ मध्यें धूसर चित्रें स्वच्छ करण्यासाठीं, आणि ल्यूसी यांनीं १९७४ मध्यें ज्योतिषांतील निरीक्षणांसाठीं दिलें होतें. मग शेप व वार्डी यांचें श्रेय काय उरतें? माझ्या मतें पुष्कळ उरतें. पूर्वीच्या दोघांच्या हातीं ती एक उपयुक्त युक्ति होती. शेप व वार्डी यांनीं दाखविलें कीं, उत्सर्जनाच्या बाबतींत प्वासाँचा नियम हा सोयीसाठीं धरलेला अंदाज नसून यंत्रांत घडणाऱ्या घटनेचेंच तें वर्णन आहे, आणि म्हणून प्रत्येक फेरींत संभवनीयता वाढतेच हें सिद्ध करतां येतें. 'सुधारणा केली' हें रूढ विधान ह्यासाठीं अपुरें आहे. त्यांनीं मोजणीस समीकरणाच्या पदावरून काढून साक्षीच्या पदावर बसविलें. लँग व कार्सन यांनीं १९८४ मध्यें हाच विचार क्ष-किरणांच्या मोजण्यांसही लावून दाखविला.

तथापि रुग्णालयांनीं ही रीत बारा वर्षें उंबऱ्याबाहेर ठेविली. एक कारण वेळेचें: गाळणीचें काम एका फेरींत होई, येथें पन्नास-पन्नास फेऱ्या लागत व त्या काळचे संगणक मंद होते. दुसरें कारण अधिक खोल होतें. फेऱ्या वाढवीत नेल्या कीं चित्र प्रथम स्पष्ट होतें, आणि नंतर बिघडूं लागतें. गुळगुळीत भागांत दाणे उठतात. कारण उघड आहे. यंत्र साक्षींशीं अधिकाधिक जुळवून घेऊं पाहतें, आणि साक्षींत जो यादृच्छिक भाग आहे त्याशींही तें जुळवून घेतें. एका बखरींतील प्रत्येक शब्दास अर्थ लावण्याच्या हट्टानें संशोधक जसा नसलेल्या लढाया शोधून काढतो, तसेंच हें. म्हणजे सर्वांत संभवनीय चित्र हें सर्वांत चांगलें चित्र नव्हे, अशी विलक्षण आपत्ति आली. कोणी मध्येंच थांबण्याची कसोटी सुचविली. व्हेक्लेरोव्ह व ल्यासेर यांचा लेख १९८७ चा आहे. कोणी, शेजारचे चौकोन एकमेकांहून फार भिन्न नसावे अशी पूर्वकल्पना गणितांतच घातली. ह्या पक्षांत ग्रीन यांचा १९९० चा लेख महत्त्वाचा.

कोंडी फुटली ती १९९४ मध्यें. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठांतील हडसन यांनीं लार्किन यांच्यासह असें सुचविलें कीं, प्रत्येक फेरींत सर्व साक्षी तपासण्याऐवजीं त्यांचे गट पाडावे व एकेका गटानंतर लगेच चित्र सुधारावें. गट सोळा असले तर काम जवळजवळ सोळापट लवकर होतें. ह्या रीतीनें जुनी गाळणी थोड्याच वर्षांत मागें पडली. गंमत अशी कीं, शेप व वार्डी यांच्या रीतीस जें सिद्धतेचें पाठबळ होतें तें हिला सर्वसाधारणपणें नाहीं. पुष्कळ फेऱ्या केल्या तर ती महत्तम संभवनीयतेच्या चित्रावर स्थिरावेलच असें नाहीं. परंतु दोन-चार फेऱ्यांतच थांबावयाचें असल्यामुळें कोणाचें अडलें नाहीं. सिद्ध झालेली रीत बारा वर्षें दाराशीं उभी राहिली आणि न सिद्ध झालेली सरळ आंत गेली. भारतांतील पहिलें पेट यंत्र मुंबईस परळ येथें, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्यें २००२ सालीं बसलें, तोंपर्यंत हा वाद बाहेर बहुतेक मिटला होता.

आतां बंधूंच्या दोन आंकड्यांचा उलगडा करतां येतो. फेऱ्या किती, गट किती, शेवटीं चित्र किती गुळगुळीत करावयाचें, आणि शोधकांच्या अंगच्या धूसरपणाची भरपाई गणितांत घालावयाची कीं नाहीं, हें सर्व मनुष्य ठरवितो. अलीकडच्या यंत्रांत ही शेवटची भरपाई बहुधा असते, व लहान गांठीचा आंकडा तिच्यामुळें चढतो. निरनिराळ्या रुग्णालयांचीं मापें एकमेकांशीं ताडतां यावींत म्हणून युरोपांतील अणुवैद्यक संघानें २०१० पासून यंत्रांस प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था सुरू केली, ती याच कारणासाठीं.

त्या तरुण डॉक्टरांनीं दुसऱ्या तपासणीच्या मूळ मोजण्या राखून ठेविल्या होत्या. आमच्या विनंतीवरून त्यांनीं त्यांवर जुनी रीत चालविली, आंकडा ४.३ आला. दोन्ही प्रतिमा आतां बंधूंच्या फाईलींत एकीमागें एक लावलेल्या आहेत. पुढील तपासणी श्रावणांत आहे. त्या वेळीं फेऱ्या व गट यांची संख्या अहवालाखालीं लिहून मागावयाची, असें आम्हीं ठरविलें आहे.